रिकाम्या चौकटी

मुलुंडला आमच्या सरांच्या क्लासची वेबसाइट मी बनवली. त्यांच्याकडेच शिकलो होतो, त्यामुळे काम हक्काने माझ्या गळ्यात पडलं. दहावीनंतर सर दरवर्षी एका मुलाला सायन्ससाठी फुकट शिकवत. त्या एका जागेची परीक्षा त्या वर्षी पहिल्यांदाच वेबसाइटवर होती.

वर्गमुळं, घातांक, सगळं माझ्या लॅपटॉपवर झकास दिसत होतं. दिसणारच! सरांचा गणिताचा जुना फॉन्ट माझ्याकडे होता, क्लासच्या कॉम्प्युटरवरही होता. तो पानाला जोडावा लागतो, नाहीतर ब्राउझर चिन्हाच्या जागी नुसती रिकामी चौकट काढून मोकळा होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मोबाइलवर एकदा उघडून बघायचा मी आळस केला.

परीक्षेला मुलं क्लासमधल्या कॉम्प्युटरांवर बसली. एक मुलगी तेवढी तापाने फणफणली होती, म्हणून सरांनी तिला घरून मोबाइलवर पेपर द्यायला सांगितलं. हुशार पोरगी. दुसरा कुठला क्लास तिच्या घरच्यांना झेपणारा नव्हता. पेपर सुरू असताना तिचा फोन आला.

"दादा, चौकटी भरायच्यात ना?"

मी मॅच बघत होतो. "हो गं, दिसतंय ते सोडव ना," म्हणालो आणि फोन ठेवला.

बोर्डाच्या पेपरात 'चौकटी पूर्ण करा' असा प्रश्न असतोच. तिला तेच वाटलं. प्रत्येक चौकटीत तिने समीकरण जुळेल असा आकडा शोधून घातला आणि कागदाचे फोटो पाठवले. सरांनी ते बघून कपाळाला हात लावला.

"हिला साधं वर्गमूळ येत नाही रे! मीच उगाच आशा धरून बसलो."

मी समोरच उभा होतो. आकडे नीट जुळवलेले मला दिसत होते. तिथल्या तिथे बोललो असतो तर पेपर परत घेता आला असता. सर चार शब्द ओरडले असते, बस. मी घरी आलो आणि मुकाट्याने फॉन्ट पानाला जोडला. पाच मिनिटांचं काम. जागा दुसऱ्याला गेली. मला लाज वाटली, आजही वाटते, पण माझ्या लाजेचा तिला काय उपयोग?

परवा ती मुलुंडच्याच पाच रस्ता चौकात भेटली. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणाली.

"माझं गणितच कच्चं, दादा. सरांच्या पेपरात कळलं ना, म्हणून कॉमर्स घेतलं."

"कॉमर्सही चांगलंच असतं गं," मी म्हणालो.