पोटात काय असतं, बाई?

दापोलीजवळच्या एका गावात मी बारा वर्षं अंगणवाडी चालवतेय. पोरांचे किस्से इतके साठलेत की मैत्रिणी भेटल्या की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. त्या हसतात. मला हल्ली राग येतो, आणि तो पोरांचा नाही.

* * *

‘माझं शरीर’चा धडा. मोठ्या कागदावर पार्थला झोपवलं, भोवती खडू फिरवला. म्हटलं, "आता पोटात काय असतं ते काढ." पठ्ठ्याने अख्खा बांगडा काढला, डोळ्यांसकट! "अरे, काटा टोचेल की!" तर म्हणतो, "काटा आयनं काढलान ना!"

* * *

त्यालाच विचारलं, "हाडं कुठे असतात?"

"हातात, पायात, पाठीत."

"आणि पोटात?"

"पोटात नाय. म्हणून बाबा पोटात मारत नायत, पाठीतच मारतात."

संध्याकाळी तडक त्याच्या घरी गेले. बाप ऐकून खूश! "पोर हुशार हाय ना, बाई?" डोकंच फिरलं. म्हटलं, "असणारच! शिकवणी तुम्हीच घेताय ना!"

* * *

पाच वर्षांची स्वरा. आरोग्य शिबिरात डॉक्टरीणबाईंना सांगायला लागली, "शू करताना आग होते." आईने तिच्या तोंडावर हातच ठेवला. "शी! डॉक्टरांसमोर असं बोलतात?" मग कुणासमोर बोलायचं? पोस्टमनसमोर?

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी का गं पीत नाहीस?" स्वरा म्हणाली, "प्यायलं की शू लागते. आणि तिकडे कुलूप असतं."

* * *

हो, कुलूप! आमची अंगणवाडी शाळेच्याच आवारात. संडास एक, किल्ली गुरुजींच्या खिशात. भांडायला गेले तर शांतपणे म्हणतात, "बाई, पोरं घाण करतात. तपासणीला वरून माणसं येतात, स्वच्छ दिसायला नको?" बांधलाय कशाला, बघायला? तीनदा भांडले. स्वराच्या गोळ्या सुरू झाल्या, कुलूप तसंच राहिलं.

* * *

गेल्या महिन्यात तपासणी आली. सकाळीच कुलूप निघालं, फिनेल पडलं, नवा साबणसुद्धा आला! तपासणीच्या मॅडम एकदम खूश. स्वराला जवळ घेऊन विचारलं, "पाणी प्यायलं की काय होतं?"

"पोटात जातं. मग शू होते."

"शाब्बास! मग रोज बाटलीभर पाणी प्यायचं. पिणार ना?"

स्वराने संडासाच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"तुमी रोज येणार काय?"