ओढणीचं टोक

वडील रस्त्याकडेला पंक्चर काढायचे. आमच्या भाकरीलाही सोल्यूशनचा वास यायचा. घरातली पहिली पदवीधर मी, आता मुलींच्या निरीक्षणगृहात समुपदेशक आहे.

चोरीत सापडलेली सोळा वर्षांची रूपा नशेसाठी तेच सोल्यूशन हुंगायची. इथंही ओढणीचं टोक सतत नाकाशी. मला संशय, रोज तिचे खिसे तपासायचे.

“खिसे काय बघता मॅडम? वास घ्या की एकदा.”

घेतला. खोबरेल होतं.

“आई भेटायला आली तेव्हा हे टोक तिच्या केसांना पुसलं. त्यानं झोप लागते.”

तरी मी पुन्हा हुंगून पाहिलं. शाळेत सोल्यूशनचा वास आला की बाई माझंही दप्तर असंच उपसायच्या, ते तेव्हा आठवलं.

तीन महिने झाले. रूपा सोल्यूशनला शिवलेली नाही. मीही खिसे तपासणं सोडलंय.