हात लावला की भाव

"सदरा काढ."

काटेवाडीच्या शाळेच्या ओसरीवर, माझ्याच सगळ्या गावासमोर, प्राध्यापकांनी मला सांगितलं. आम्ही काही विद्यार्थी मुंबईहून त्यांच्याबरोबर आलो होतो, एम.डी.च्या प्रबंधासाठी हिवतापाचं संशोधन शिकायला. बाकीच्यांना ते "तुम्ही" म्हणत. मला "तू".

कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि ताप घराघरात शिरला. ताप मुरला की डाव्या बरगडीखाली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. ती बोटांनी चाचपून किती वाढली ते ठरवायचं, हा आमचा धडा. पोरं ओसरीवर ओळीनं निजली होती. पुष्कळांच्या पोटावर डागाचे व्रण. पानथरी वाढली की आमच्याकडं विळा तापवून पोट डागतात. तसला व्रण माझ्याही पोटावर आहे. वसतिगृहात कुणीतरी तो पाहिला असणार.

मी सदरा काढला. बाकावर निजलो.

"हा पाहा, शिकलेला नमुना," प्राध्यापक म्हणाले. माझ्या सोबत्यांची बोटं एकामागून एक माझ्या पोटात रुतली. एकजण हसला.

"कोणत्या गाढवानं डागलं रे तुला?" प्राध्यापकांनी विचारलं.

पोरांच्या मागं आई उभी होती.

"म्या डागलं," ती म्हणाली. "पोरगं तापानं जात हुतं. तवा दवा हुती का कुनापाशी?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन आता तरी हाय का?"

प्राध्यापकांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. मला मात्र नजर वर करता येईना.

कारण हा सौदा माझा होता. बापाबरोबर बारामतीच्या बाजारात मेंढरं विकत मी वाढलो. शाळा, कॉलेज, वसतिगृहातली खाट, सगळं घासाघीस करून मिळवलं. संशोधनाला धनगराचं पोर हाताखाली घ्यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा मी प्राध्यापकांना म्हणालो, तुम्हाला आमच्या गावात कुणी पोटाला हात लावू देणार नाही. माझी माणसं मी आणतो, मला जागा द्या. त्यांनी दिली. गावात येऊन सांगितलं, तपासून घ्या, तापावर क्विनीन मिळेल. क्विनीनचं प्राध्यापकांना विचारलंच नव्हतं. विसरलो नव्हतो. विचारलं असतं तर सौदा मोडला असता.

इथं आल्यावर ते आपणहून बोलले. मोसम संपेपर्यंत क्विनीन द्यायचं नाही, पानथरी उतरली तर निरीक्षणं बिघडतील. ते ऐकूनही मी सकाळपासून गोड बोलून पोरं निजवत होतो. त्यांच्या पोटांवर माझीच बोटं आधी पडत होती.

बाजारात गिऱ्हाईक मेंढराच्या कमरेवर बोटं दाबून मांस अजमावतं. पण हात लावला की भाव बोलायचा, ही आमच्याकडची रीत. एकजण न बोलता पुढं सरकला, तर बापानं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, तो भाव बोलेपर्यंत.

मी उठलो. सदरा घातला. प्राध्यापक ओळीतल्या पुढच्या पोरीवर वाकले होते. माझ्या थोरल्या भावाची पोर. अंगात हीव भरून तिचे दात वाजत होते. मी प्राध्यापकांचं मनगट धरलं.

"आधी क्विनीन. मग हात."

"तुझा प्रबंध संपला," ते म्हणाले. "जा, मेंढरं राख."

"राखीन. हात काढा."

त्यांनी काढला. मी पोरांना घरी लावून दिलं. प्राध्यापकांची मोटार बारामतीच्या रस्त्याला लागली, माझे सोबतीही तिच्यातच गेले.

आई काहीतरी चांगलं बोलेल असं मला वाटलं होतं. ती पोरीला पदराखाली घेत म्हणाली, "आन सकाळधरनं ज्यास्नी तू निजावलंस, त्येंचं काय?"

सदऱ्याची गुंडी लावायची राहिली होती, ती लावत बसलो.

प्रबंध गेला, पण डॉक्टरकी माझ्यापाशी आहे. ती कुणी उपकार म्हणून दिलेली नाही. क्विनीन कुठूनही, कुणाशीही भांडून आणीन आणि ज्या ज्या पोटाला माझी बोटं लागली, त्या त्या दारात स्वतः जाईन. माफी मागणार नाही. माफीनं ताप उतरत नाही. आणि यापुढं आमच्या माणसांच्या अंगाला हात लावायला जो येईल, त्याला आधी भाव बोलावा लागेल. बोलला नाही, तर मनगट धरीन.

पहिलं माझं.