कोरडा हात

माणसाची पारख नुसत्या तळहाताच्या घामावरून करणारा अख्ख्या सातारा जिल्ह्यात एकच इसम असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी मला नोकरी विचारली, शेती विचारली. मामांनी फक्त माझा हात हातात घेतला, दाबला, सोडला, स्वतःची बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि निकाल दिला, "कोरडा हाय. द्या पोरगी."

यामागे अनुभव होता. फौजेतून पेन्शनीत आल्यावर मामांनी कोरेगावच्या पेठेत व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं होतं. कपाटाएवढी सहा मशिनं, प्रत्येकाला रबरी मुठीचं हँडल. गावभरच्या पोरांचा घाम पिऊन पिऊन ते रबर काही वर्षांनी पाझरायला लागलं. धरलेला हात सोडवून घ्यावा लागे. पुढे मोबाइल आले, गिऱ्हाईक गेलं, पण मामांची सकाळची हजेरी चुकली नाही. कडक इस्त्रीची पँट घालून ते एकेका मशिनशी हस्तांदोलन करत. हात चिकटला की ते मशिन आजारी. मग खायच्या सोड्याचा लेप, जुना टूथब्रश, वर स्पिरिटचा फडका आणि शेवटी बाळाला लावावी तशी पावडर. सोडा इतका खपे, की वाण्यानं एकदा विचारलं, "मामा, भज्यांचा गाडा टाकला काय?" मामा गंभीरपणे म्हणाले, "न्हाई. दवाखाना."

त्या दवाखान्यात मला मात्र प्रवेश होता तो फक्त चहापुरता. जावयाला काम सांगायचं नाही आणि जावयाला उलटा शब्द बोलायचा नाही, हे मामांचे दोन पक्के कायदे. मी ब्रश उचलला की, "आवं जावईबापू, तुमी बसा," म्हणून ते तो काढून घेत आणि हातात कप देत. वीस वर्षं मी तिथं कप धरून बसलोय.

कोपऱ्यातल्या सहाव्या मशिनवर दुपारी मामी विमानं पाडायच्या. भाकऱ्या थापता थापता उठून यायच्या, हाताला पीठ तसंच. मामा ओरडायचे, "अगं, हात तर धू." मामी म्हणायच्या, "धुवून येस्तवर इमान जाईल की." मामी वारल्यावर मामांनी त्या मशिनवर चादर टाकली. पाच हँडलं चकचकीत, आणि सहावं काळं, ओघळलेलं, खाचांतून पीठ बसलेलं. हजेरीच्या शेवटी मामा चादरीखाली हात घालून तिथं जरा जास्त वेळ उभे राहत. मला वाटायचं, रबरात हात अडकत असेल. स्वच्छ करायला त्यांचं मन धजत नसेल, तेवढं आपण करून टाकू.

मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला गेले, तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. अख्खी दुपार मी सोडा लावला, ब्रश घासला, काडीनं खाचा कोरल्या, स्पिरिट फिरवलं, पावडर शिंपडली. इतकं मन लावून मी आमचं घरही कधी झाडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा काळा चष्मा लावून आले. मी जादूगाराच्या थाटात चादर ओढली. मामांनी मूठ धरली आणि सोडली. हात लगेच सुटला. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा सुटला. मग त्यांनी तळहात नाकाशी नेला. पावडरीचाच वास आला असणार.

"रोज सकाळी हात दिला, की सोडत न्हवती," ते हँडलकडे बघत म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी माझी सात पिढ्यांसकट हजेरी घेतली असती तर मी सुटलो असतो. पण मी जावई पडलो. त्यांनी चादर पुन्हा नीट पांघरली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "झ्याक केलंत, जावईबापू. हातगुण हाय तुमच्या हाताला." आणि चहा सांगायला गेले.

बरं झालेलं रबर पावसाळ्यात पुन्हा पाझरतं, असं मामाच सांगत आले आहेत. आता कोरेगावला गेलो, की ते चहा सांगायला वळल्यावर मी चादरीखाली हळूच हात घालतो. दोन पावसाळे गेले. अजून कोरडंच आहे.