साखळीच्या पोटातलं तेल

"अहो, ते होलवाले मिस्त्री गेले," वसंतराव फोनवर म्हणाले, आणि मी विचारलं, "कोण?"... वसंतराव म्हणजे आमच्या मानवतच्या जुन्या जिनिंगमधले, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातले, कारकून. कोण आजारी, कोण गेलं याची खबर सगळ्यांना तेच पोचवतात. होलवाले मिस्त्री म्हणजे गंगाधर मिस्त्री, हे मला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. तरी मी 'कोण?' म्हणालो, कारण बावीस वर्षांची ती सवय आहे. त्या माणसाचा विषय निघाला की ओळख नसल्यासारखं करायचं. वसंतरावांनी नाव सांगितलं, पालमला राहत्या घरी गेले, परवाच उरकलं सगळं, असं सांगितलं आणि वर सहज म्हणाले, "हात लय चांगला होता हो त्यांचा. पण पिनींना होल पाडले आणि आयुष्य नासून घेतलं." मी "हं" म्हणालो आणि फोन ठेवला. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. त्या पिनींना होलं गंगाधर मिस्त्रींनी पाडली नव्हती. मी पाडली होती. हे एवढं एक वाक्य लिहायला मला त्यांच्या मरणाची वाट बघावी लागली.

मी इंजिनिअरिंगची पदवी घेऊन त्या जिनिंगवर यंत्रांच्या देखभालीला लागलो तेव्हा तिशीच्या आत होतो. मिस्त्री पंचेचाळिशीचे. बुटके, कानावर पेन्सिल, बंडीच्या खिशात कायम एक कोरडं फडकं. जिनिंग म्हणजे हवेत सतत रुई. डोळ्यांच्या पापण्यांवर रुई, चहाच्या कपात रुई. आणि यंत्रं चालवणाऱ्या ज्या लोखंडी साखळ्या असतात, त्यांना तेल लावलं की त्या तेलावर हीच रुई येऊन बसायची, तेल पिऊन टाकायची आणि साखळी दोन दिवसांत पुन्हा करकरायची. पहिल्याच आठवड्यात मी तेलाचा डबा घेऊन एका साखळीवर धार धरून उभा होतो. मिस्त्री मागे येऊन थांबले. "साहेब, काय करायलाव?" म्हटलं, तेल देतोय. "तेल कुटं देयलाव, तिला अंघोळ घालायलाव तुमी. तिला तहान लागलीय. तहानलेल्या माणसाच्या डोक्यावर घागर ओतून काय उपयोग?" सगळे फिटर हसले. मला राग आला होता, पण त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एक तुटकी कडी हातात देऊन शिकवलं ते आजही माझे विद्यार्थी माझ्या तोंडून ऐकतात. कडी पिनीभोवती वळते. पिनीवर नळीसारखा बुश असतो. खरी झीज होते ती पीन आणि बुश यांच्या मधल्या जागेत, जिथं बोट पोचत नाही आणि डोळाही. बाहेरून साखळी तेलानं निथळत असली तरी आत ती कोरडीठक्क असू शकते.

त्यांची स्वतःची रीत वेळखाऊ होती. साखळी उतरवायची, रॉकेलमध्ये धुवायची, अर्ध्या कापलेल्या पिंपात तेल कोमट करून त्यात बुडवून ठेवायची. मग खुंटीला टांगून निथळू द्यायची आणि शेवटी बाहेरचं सगळं तेल फडक्यानं पुसून काढायचं. बाहेरून कोरडी, आतून ओली. रुईला बसायला जागाच नाही. हे चाललेलं असताना कुणीतरी हमखास ओरडायचं, "मिस्त्री, हळद लागायलीय का नवरीला?" मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "लागायलीय. नांदायचं हाय तिला तुमच्या घरी." पण ऐन हंगामात साखळ्या उतरवायला सवड कुठली? सगळ्यांत त्रास द्यायची ती सरकी वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची साखळी. वजनदार, उंच, आणि पिनी हंगामाच्या मध्यातच खाल्ल्या जायच्या. मिस्त्रींच्या डोक्यात दोन वर्षं तेवढी एकच साखळी होती.

एका वर्षी पावसाळा सरता सरता त्यांनी माझ्या टेबलावर पाच कड्यांचा एक तुकडा आणून ठेवला. लेथवर नवे बुश त्यांनीच काढले होते, आणि पोलाद कडक करण्याआधी प्रत्येकाला आतून एक उथळ खाच दिली होती. नखाच्या टोकाएवढी. तेल त्या खाचेत साठून राहायचं आणि कडी वळेल तसं थोडं थोडं पिनीला मिळायचं. मी लगेच म्हणालो, खाच दिली म्हणजे बुश कमजोर झाला. मिस्त्रींना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी तुकड्याची दोन टोकं दोन्ही हातांनी ताणली. "बघा, ओढ लागली की पीन बुशाला या बाजूनं रेटते. समोरची बाजू बसून ऱ्हाते, तिला काई काम न्हाई. खाच मी त्या रिकाम्या बाजूला दिलीय. पिनीला हात लावला न्हाई, कडीच्या पट्टीला लावला न्हाई. जिच्यावर वजन हाय तिचं मास काढायचं न्हाई, साहेब." मला ते पटलं होतं. हे मी आज लिहून देतो... पटलं होतं. पण सगळे बुश नव्यानं काढायला तीन आठवडे लागणार होते, आणि हंगाम दहा-बारा दिवसांवर आला होता. शेठनी विचारलं, "किती दिवस?" मिस्त्री म्हणाले तीन आठवडे. मी म्हणालो दोन दिवस.

माझ्या डोक्यात सरळ उपाय होता. पिनीलाच टोकापासून मध्यापर्यंत बारीक होल पाडायचं, मध्यावर बाजूनं दुसरं होल पाडून त्याला मिळवायचं. तेल थेट पोटात. पुस्तकी डोक्याला ते फार देखणं वाटलं. सगळी ओढ त्याच पिनीवर येते, हे मला कळत नव्हतं असं नाही. जाडी भरपूर आहे, चालून जाईल, असा हिशेब मी केला. खरं म्हणजे हिशेब केलाच नाही. एका मिस्त्रीपेक्षा मी जलद आहे, एवढंच शेठला दाखवायचं होतं. मिस्त्री तेव्हा मेव्हण्याच्या नवसासाठी दोन दिवस पोखर्णीला गेले होते. मी परभणीच्या एका वर्कशॉपात उभं राहून सगळ्या पिनींना होलं पाडून आणली. ते कपाळाला गुलाल घेऊनच कामावर आले, पुड्यातून प्रसाद दिला आणि टेबलावरची पीन उचलून उजेडाकडे धरली. मग म्हणाले, "साहेब, हाडाला होल पाडून दूध पाजतेत का कुणी?" मी म्हणालो, "मिस्त्री, जिम्मेदारी माझी. तुम्ही फक्त बसवा." त्यांनी साखळी बसवली. रजिस्टरात 'साखळी दुरुस्ती व जोडणी' या रकान्यात सही त्यांची झाली. जोडणाऱ्यानं सही करायची, तशी पद्धतच होती.

महिनाभर ती साखळी अशी चालली की शेठ मुद्दाम खाली येऊन कान देऊन ऐकायचे. आवाज नाही. त्यांनी चार लोकांत माझी पाठ थोपटली, आणि मिस्त्री मागं उभे राहून ऐकत होते. ते मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत एलिव्हेटरखाली जाऊन एकेक पीन बघायचे. मला वाटायचं, जळतोय म्हातारा. एका दुपारी मोठा आवाज झाला. वरची एक पीन तुटली आणि साखळी सरकीच्या डब्यांसकट खाली कोसळली. सुटलेलं टोक फिरून आलं ते मिस्त्रींच्या उजव्या हातावर. त्या वेळी खाली जायचं त्यांना दुसरं काही कारण नव्हतं. माझ्या पिनी बघायलाच गेले होते.

परभणीच्या दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी गेलो. हात पांढऱ्या पट्ट्यांत बांधलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, "पीन मधूनच गेली का?" म्हटलं, हो. "होलापासूनच?" हो. त्यांनी डोळे मिटून मान हलवली... दुखतंय की समाधान वाटतंय, मला कळलं नाही. मग म्हणाले, "शेठला तेवढं सांगताल ना?" मी म्हणालो, "सांगतो." तिसऱ्या दिवशी शेठनी रजिस्टर उघडून मला विचारलं, "हे होल कुणाच्या डोक्यातून निघालं?" माझं लग्न ठरलं होतं, नव्या नोकरीसाठी शेठचा शब्द हवा होता, ही कारणं मी बायकोलाही सांगितलेली नाहीत, कारण ती कारणं नव्हेत. मी म्हणालो, "दुरुस्ती मिस्त्रींनी केली होती." बस. वाक्य खोटंसुद्धा नव्हतं.

त्यानंतर गंगाधर मिस्त्रींना कुणी साखळीला हात लावू दिला नाही. तसा हातही राहिला नव्हता, उजवी मूठ मिटत नव्हती, लेथ संपला होता. पण नाव तरी राहिलं असतं. ते होलवाले मिस्त्री झाले. पालमला गावी जाऊन त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. मी परभणीला शिकवायला लागलो आणि साखळीच्या वंगणाचा धडा आला की 'बाहेरून कोरडी, आतून ओली' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहीत गेलो. कुणाचं आहे हे सांगितलं नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी एकदा एसटीनं जाताना पालमच्या स्टँडसमोर ते दिसले. सायकल उलटी ठेवून डाव्या हातानं एकेका कडीच्या फटीत थेंब थेंब तेल सोडत होते आणि लगेच फडक्यानं पुसत होते. गाडी दहा मिनिटं उभी होती. मी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

मिस्त्री गेल्यावर चौदाव्या दिवशी मी पालमला गेलो. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो; त्यांनी ओळखलं नाही, मग ओळखलं. चहा ठेवायला उठल्या तेव्हा मी तिथंच, उभ्या उभ्या, सगळं सांगून टाकलं. त्या स्टोव्हपाशी तशाच थांबल्या. "आमाला ठाव होतं की," म्हणाल्या. "त्यांनी दवाखान्यातच सांगितलं व्हतं. दर दसऱ्याला म्हनायचे, साहेब येतेन एक दिवस, शेठला सांगून येतेन. मी म्हनायचे, कायचे येतेत. लय दिवस म्हनत व्हते... शेठ गेले तवापासून म्हनायचं सोडलं." मला त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांनी साखर किती घालू विचारलं.

आता सांगायचं तरी कुणाला? शेठ नाहीत. जिनिंगच्या जागेवर प्लॉट पडलेत. ते रजिस्टर कुणी कधी रद्दीत घातलं, कुणाला माहीत नाही. वसंतरावांना मात्र मी फोन करून खरं सांगितलं. ते "आता कशाला काढता साहेब ते," म्हणाले. परवा पुन्हा त्यांचा फोन आला, आणि बोलता बोलता म्हणालेच, "ते आपले होलवाले मिस्त्री..." बावीस वर्षांचं वळण एका फोननं जात नाही. हा लेख छापून आला तरी जाईल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी पालमहून निघताना वहिनींनी खुंटीवरचा तो पाच कड्यांचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. "तुमालाच कळतंय त्यातलं," म्हणाल्या. दरवर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की मिस्त्री तो कोमट तेलात बुडवायचे, टांगायचे, पुसायचे. त्यांच्या खाचांची साखळी जगात एवढीच झाली, आणि तिनं एक दिवसही काम केलं नाही. ती आता माझ्या टेबलावर आहे. फडक्यानं पुसली तर फडक्याला डाग पडत नाही. कडी वळवली तर आवाज येत नाही. आत गेल्या खंडेनवमीचं, त्यांच्या डाव्या हातानं दिलेलं तेल आहे. मी रोज एकदा वळवून बघतो. कधीतरी ती करकरेल. तेल घरात आहे, रीतही त्यांनीच शिकवलेली आहे... हात पुढं होत नाही.