भाचीच्या गालावरची तीट

कॅमेरा घेतला की त्या कंपनीचं फोटो बघायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हे मला कॅमेरा घेऊन वर्ष झाल्यावर कळलं. फुकट म्हटल्यावर मी मागे राहणाऱ्यातला नाही. डाउनलोड करताना त्याने कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर मागितला. तो वाचायला कॅमेरा उलटा केला, तर लेन्सचं झाकण चहात पडलं. तिथेच थांबायला हवं होतं.

आदल्या दिवशी जुळे सोलापुरात धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं झालं होतं. बऱ्याच वर्षांच्या दवाखान्यांनंतर झालेली मुलगी. फोटो मीच काढले होते आणि "उद्याच एडिट करून पाठवतो" असं सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो.

सॉफ्टवेअरमध्ये डाग पुसायचं एक साधन असतं. ठिपक्यावर क्लिक केलं की आजूबाजूचा रंग घेऊन तो नाहीसा होतो. माझ्या कॅमेऱ्यात आत धूळ बसलेली, त्यामुळे भिंतीवर, पडद्यावर, सगळीकडे काळे ठिपके. मी पुसायला बसलो आणि मला ते सुटेना. बायको जेवायला हाका मारून थकली. शेवटी तर डोळ्यांना माणसं दिसेनात, नुसते ठिपके दिसायला लागले. दाजींच्या हनुवटीवरचा तीळ गेला. पाळण्यावरची माशी गेली. दुपारी सगळे फोटो धुतल्या तांदळासारखे करून फॅमिली ग्रुपवर टाकले आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

कौतुकाच्या आधी फोन आला. बहिणीच्या सासूबाई, मंद्रूपहून बारशाला आलेल्या.

"पावणं, लेकराची तीट कुटं हाय?"

"म्हणजे, मावशी?"

"गालावर काजळाचा टिपका लावल्याला की म्या. एका बी फोटोत न्हाय."

मी फोटो मोठा करून पाहिला. गाल लोण्यासारखा गुळगुळीत.

"चुकून पुसली गेली. फुकटचं सॉफ्टवेअर आहे हो."

"फुकट हाय म्हणून दिसंल ते पुसत सुटायचं व्हय? उघड्या गालानं लेकरू समद्या सोयऱ्यांत फिरवलं तुमी. फोटो आल्याधरनं रडतंय, दूध तोंडाला लावू देईना."

मग फोन बहिणीने घेतला. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"दादा, माझा असल्यावर विश्वास नाही, तुला माहीत आहे." मागे बाळ रडत होतं. मग ती म्हणाली, "ती तीट परत आण."

विश्वास माझाही नाही. तरी त्यानंतर मी खुर्चीवर नीट टेकलो नाही. ग्रुपवरचे फोटो काढून टाकले, तर तोवर दोन काकांनी ते स्टेटसला लावलेले. नवी तीट काढावी म्हटलं, तर मला त्या सॉफ्टवेअरमध्ये रंगवायचं काही सापडेना. फक्त इकडचा तुकडा उचलून तिकडे चिकटवता येत होता. तयार काळा ठिपका म्हणजे दाजींचा तीळ, पण तो मीच मारलेला. बाळाच्या डोळ्यातली बाहुली उचलून लावली, तर गालावर तिसरा डोळा उघडला आणि तो माझ्याकडेच बघायला लागला. बहिणीच्या वेणीतून तुकडा घेतला, तर भाचीला कल्ले फुटले. मी उठलो, गॅलरीत गेलो, आलो, परत बसलो.

बायको मागे येऊन उभी राहिली. "आता मिशा पण लावा," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "अहो, मूळ फोटो असेल की आत."

"सगळं त्याच्यावरच सेव्ह केलंय."

"विचारून तर बघा त्याला."

मेनू उघडत, मिटत गेलो. एका कोपऱ्यात ओळ होती: फोटो काढतानाच्या स्थितीत परत आणा. हे सॉफ्टवेअर मूळ फोटोला हातच लावत नाही, आपला आगाऊपणा बाजूला वेगळा लिहून ठेवतं, हे तेव्हा कळलं. बटण दाबलं. धूळ आली, माशी आली, तीळ आला आणि गालावर तीट आली.

ग्रुपवर टाकायचा आता धीर नव्हता. लॅपटॉप काखोटीला मारून स्कूटरने थेट बहिणीच्या घरी गेलो. जिना चढताना कान रडण्याकडे. वर सगळं शांत. बाळ बहिणीच्या खांद्यावर झोपलेलं, गालावर ताजी तीट.

"कधी झोपली?"

"मघाशीच. ढेकर अडकला होता, तो आला आणि झोपली."

"मग फोन करायचा की मला."

बहिणीने सासूबाईंकडे पाहिलं.

"मीच नगं म्हणलं," त्या म्हणाल्या. "झोपली कळल्यावर तीट आणली असती व्हय तुमी?"

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी जवळ सरकून फोटोतल्या गालाला बोट लावून पाहिलं. बोटाला काजळ होतं, ते पडद्यावर उमटलं, खऱ्या तिटेच्या शेजारी.

मी रुमाल काढला. बहीण माझ्या हाताकडे बघत होती. मी रुमाल परत खिशात घातला.