गोड्या पाण्याची बादली

आमच्या शेजाऱ्याकडे मांजराएवढा ट्रक आहे. तो रिमोटवर पळतो, नायट्रो नावाचं इंधन पितो आणि आख्ख्या किनाऱ्याचे कान किटवतो. शेजारी न्हावा शेव्याला कामाला. सुट्टीला घरी असला की ओटीवर ट्रक उघडून बसतो. कधी मोठी चाकं, कधी नवा सायलेन्सर. "कंपनीतनं आला तसा कोण चालवतो, काकी? हात फिरवायला लागतो," हे मला दर वेळी नव्याने सांगतो. त्याच्या घराचं दार मात्र वर्षभर सुतळीने बांधलेलं आहे.

परवा त्याने जास्त ताकदीचं इंजिन बसवलं आणि ट्रक सरळ समुद्रात शिरला. बूट भिजतील म्हणून हा वाळूवरच थांबला.

"बाबा, जा ना, काढ लवकर!"

जाळं सांधत बसलेला त्याचा म्हातारा बाप कमरेइतक्या पाण्यात गेला आणि ट्रक छातीशी धरून आला.

"उलटा कशाला धरलास? इंजिनात पाणी गेलं ना!"

मग तो माझ्या दारात. "काकी, बादलीभर गोडं पाणी द्या. खारं सुकलं की वाट लागते."

आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. तरी म्हाताऱ्याच्या अंगावरचं खारं धुवायला म्हणून मी दिलं. त्याने ते ट्रकवर ओतलं, ट्रक पुसला आणि उन्हात ठेवला. म्हातारा तिथेच कुडकुडत कपडे वाळवत उभा होता.

"बाबा, बाजूला हो," तो म्हणाला. "ट्रकवर सावली पडते तुझी."